डोळ्यांना न शिणवणारा मॉनिटर कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितशोधन म्हणजे डोळ्यांवर पोट असलेलं काम. गेली अठरा वर्षं मी ते करते आहे, त्यातली शेवटची बारा कागदाऐवजी पडद्यावर. या बारा वर्षांत तीन मॉनिटर झाले, त्यातला एक साफ चुकला. तेव्हापासून ओळखीतले भाषांतरकार, हिशेबनीस, शिक्षक असे सगळे मॉनिटर घेण्याआधी फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मॉनिटरमुळे डोळे कायमचे बिघडतात का?

नाही. मॉनिटरकडे बघून डोळ्यांचा पडदा जळत नाही. डोळे चुरचुरणं, वाळू गेल्यासारखं वाटणं, संध्याकाळी अक्षरं धूसर दिसणं, कपाळ जड होणं, हा सगळा थकवा आहे आणि विश्रांतीनंतर तो जातो. पण रोज आठ-नऊ तास काम करणाऱ्याला रोजचा थकवाही काही कमी त्रासाचा नसतो.

त्याची मुख्य कारणं दोन. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा लवते. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. डोळ्यावरचा ओलावा पापणीच पसरवते, त्यामुळे डोळा कोरडा पडतो. दुसरं कारण म्हणजे जवळचं पाहताना डोळ्यातला स्नायू आवळलेला राहतो. तासन्‌तास मूठ आवळून बसलं तर हाताचं जे होईल, तेच त्याचं होतं.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. सतत जवळचं पाहणं आणि उन्हाउजेडात कमी खेळणं यांचा मायनस नंबर वाढण्याशी संबंध दिसून आला आहे. मुलांसाठी मॉनिटर कुठला घ्यावा, यापेक्षा ती दिवसातून किती वेळ घराबाहेर असतात हे जास्त महत्त्वाचं.

मग चांगल्या मॉनिटरने नेमका काय फरक पडतो?

मॉनिटरच्या हातात तीनच गोष्टी आहेत: अक्षर स्वच्छ दाखवणं, उजेड न लुकलुकता देणं आणि तो उजेड खोलीला साजेल इतका खाली आणता येणं. बाकी सगळं टेबल, खिडकी, पंखा आणि चष्मा यांच्याकडे आहे. खोक्यावरचा डोळ्याच्या चित्राचा शिक्का बघून खरेदी करू नका. या तीन गोष्टी बघून करा.

किती इंची घ्यावा आणि रिझोल्यूशन किती हवं?

माझी चूक इथेच झाली. मोठा पडदा म्हणजे मोठं अक्षर आणि मोठं अक्षर म्हणजे डोळ्यांना आराम, असा सरळ हिशेब करून मी २७ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला. चित्रपट छान दिसायचे. पण तिसऱ्या दिवशी एका कादंबरीचं प्रूफ उघडलं आणि ‘सर्वांत’ या शब्दावर अडले. रफार आणि त्याच्या शेजारचा अनुस्वार मिळून एकच करडा ठिपका झाला होता. तो ‘सर्वात’ आहे की ‘सर्वांत’, हे बघायला दर वेळी पान दीडपट मोठं करावं लागायचं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक ज्या बारीक रेषेवर उभा असतो, ती रेष त्या पडद्यावर धड उमटतच नव्हती. महिनाभर मी पुढे वाकून काम केलं. मान गेली आणि डोळेही थकले.

कारण साधं गणित आहे. फुल एचडीत १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, पडदा केवढाही असो. २४ इंचांवर ते पसरले तर एका इंचात साधारण ९२ ठिपके येतात आणि २७ इंचांवर जेमतेम ८२. त्याच २७ इंचांवर क्यूएचडी, म्हणजे २५६० गुणिले १४४० घेतलं, तर इंचाला १०९ ठिपके. फोर-के घेतलं तर १६३.

रोमन अक्षर ८२ ठिपक्यांत कसंबसं निभावतं. देवनागरीचं निभत नाही. आपल्या ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रकार, हलन्त. एवढा सगळा पसारा तेवढ्याच उंचीत मावायचा म्हणजे मधल्या अक्षराच्या वाट्याला फार थोडे ठिपके उरतात. मग ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य एकमेकांत मिसळू लागतात. मेंदू संदर्भावरून शब्द ओळखतो खरा, पण तो दर ओळीला थोडं जादा काम करत राहतो आणि संध्याकाळी त्याचंच ओझं जाणवतं. म्हणून मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना मी इंग्रजी परीक्षणांत सुचवतात त्यापेक्षा एक पायरी वरचं रिझोल्यूशन सांगते.

आणखी एक हिशेब. चांगल्या नजरेला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका बारीक तपशील वेगळा दिसतो. ६० सेंटिमीटरवर तो भरतो ०.१७ मिलिमीटर. २४ इंची फुल एचडीचा एक ठिपका ०.२८ मिलिमीटरचा, २७ इंची क्यूएचडीचा ०.२३ आणि २७ इंची फोर-केचा ०.१६. म्हणजे हातभर अंतरावरून फोर-केचे ठिपके सुटे दिसतच नाहीत. अक्षर छापल्यासारखं दिसतं.

माझं मत: दिवसभर मजकूर वाचत असाल तर २७ इंची फोर-के उत्तम, २७ इंची क्यूएचडी चांगला, २४ इंची फुल एचडी चालेल. २७ इंची फुल एचडी अजिबात नको, विक्रेता कितीही सवलत देवो.

फोर-केवर अक्षरं बारीक होतात ना? सासऱ्यांना तर काहीच दिसलं नाही.

स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं ठरावीक टक्क्यांनी मोठं करून दाखवणं, लावलं नसेल. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १५० टक्के करा. अक्षरांचा आकार क्यूएचडीइतका होतो, पण कडा दीडपट रेखीव राहतात. सासऱ्यांसाठी १७५ किंवा २०० करायला काहीच हरकत नाही. काही जुनी सॉफ्टवेअरं, विशेषतः जुनी हिशेबाची आणि डीटीपीची, स्केलिंगमध्ये धूसर दिसतात. तुमचं रोजचं काम अशाच एखाद्या सॉफ्टवेअरवर असेल तर स्केलिंगची गरज नसलेला क्यूएचडी बरा.

केबलही बघा. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के सेकंदाला तीसच चित्रं दाखवतं, त्यामुळे माउसचा बाणसुद्धा अडखळत चालतो. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हवं. शिवाय ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचा प्रकार ‘आरजीबी’ आहे ना, हे तपासा. काही संगणक आपोआप ४:२:० किंवा ४:२:२ निवडतात. त्यात रंगाची माहिती अर्धीमुर्धीच जाते आणि लाल किंवा निळं अक्षर पुसट दिसतं. एका मैत्रिणीने याच कारणासाठी नवा मॉनिटर परत करायला काढला होता. बिघाड मॉनिटरमध्ये नव्हताच.

‘फ्लिकर-फ्री’ म्हणजे काय? ते खरंच लागतं का?

लागतं. यावर तडजोड करू नका, असं मी सांगते.

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागे एलईडी दिवे असतात. ब्राइटनेस कमी करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे हे दिवे फार वेगाने चालू-बंद करणं. जितका वेळ बंद, तितका उजेड कमी. जुन्या आणि स्वस्त मॉनिटरांत हे सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा घडतं. उघड्या डोळ्यांना ती उघडझाप दिसत नाही, पण काहींना तिचा त्रास होतो. डोकं दुखतं आणि कारण सापडत नाही. यातली खोच अशी की डोळे दुखतात म्हणून माणूस ब्राइटनेस आणखी कमी करतो आणि लुकलुक आणखी तीव्र होते.

चांगल्या मॉनिटरांत दिव्यांचा वीजप्रवाहच कमी केला जातो, त्यामुळे उजेड मंद पण अखंड राहतो. फ्लिकर-फ्री म्हणतात ते याला. ट्यूव्ही राइनलँडसारख्या संस्था हे तपासून प्रमाणपत्र देतात.

घरच्या घरीही तपासता येतं. मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडा आणि ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणा. फोनचा कॅमेरा प्रो मोडमध्ये टाकून शटरचा वेग सेकंदाचा हजारावा किंवा दोन हजारावा भाग ठेवा आणि पडद्याकडे रोखा. काळे आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिवे उघडझाप करताहेत. पट्टे नसतील तर उत्तम. ही परीक्षा पूर्ण ब्राइटनेसवर घेऊन उपयोग नाही, कारण तिथे दिवे बहुधा अखंडच जळत असतात. ओलेड पडद्यावर (ज्यात मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) दर ताज्या चित्रागणिक उजेड किंचित बुडतो, तिथे फिकट पट्टे दिसणारच.

सध्याचा मॉनिटर या परीक्षेत नापास झाला आणि लगेच बदलणं शक्य नसेल, तर मॉनिटरचा ब्राइटनेस वर ठेवा आणि कॉन्ट्रास्ट कमी करा. रंग थोडे मरतात, पण लुकलुक खूप कमी होते.

मॉनिटर ठीक आहे, तरी डोकं दुखतं. खोलीतल्या दिव्यांमुळे असेल का?

असू शकेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका कार्यालयात ट्यूबचे साधे चोक बदलून वेगवान इलेक्ट्रॉनिक चोक लावून पाहिले. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून खाली आला होता. आजच्या अगदी स्वस्त एलईडी पट्ट्यांमध्येही हाच दोष असतो. कॅमेऱ्याची वरची परीक्षा भिंतीवरच्या उजेडावर घ्या. दिवा बदलायला दोन-तीनशे रुपये लागतात, म्हणून मॉनिटरच्या आधी दिवा तपासा.

निळ्या प्रकाशाचं काय? ब्लू-कट चष्मा किंवा वेगळा मॉनिटर घ्यावा का?

सगळ्यात जास्त पैसा याच प्रश्नावर वाया जातो, म्हणून स्पष्ट सांगते. डोळ्यांच्या थकव्याचं कारण निळा प्रकाश आहे, असा भरवशाचा पुरावा नाही. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्याने पडद्यामुळे येणारा थकवा साध्या चष्म्यापेक्षा कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संस्थाही असे चष्मे सुचवत नाही. गच्चीत पाच मिनिटं उभं राहिलं तरी पडद्यापेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश डोळ्यांत जातो.

झोपेचा मुद्दा वेगळा आहे. रात्री डोळ्यांत जाणारा प्रखर, निळसर उजेड शरीराला अजून दिवस असल्याचा निरोप देतो आणि झोप लांबते. त्यावर विंडोजमधला नाइट लाइट किंवा मॅकमधला नाइट शिफ्ट पुरे, आणि दोन्ही फुकट आहेत. पिवळसर पडदा कागदासारखा वाटतो म्हणून दिवसाही आवडत असेल तर जरूर ठेवा. आवड हे पुरेसं कारण आहे, त्यासाठी जादा पैसे मात्र देऊ नका.

आयपीएस, व्हीए, ओलेड: कुठलं पॅनेल?

आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पडद्याचेच दोन प्रकार. मजकुरासाठी आयपीएस. तिरकं पाहिलं तरी रंग आणि उजेड फारसे बदलत नाहीत, त्यामुळे पानाचा वरचा आणि खालचा भाग सारखा दिसतो. व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद असतो. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या उजेडाचं प्रमाण, साधारण १०००:१, तर व्हीएचा ३०००:१. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहायला व्हीए छान, पण काही पॅनेलांवर मजकूर सरकवताना काळी अक्षरं मागे सावली ओढतात. आयपीएस ब्लॅक नावाचा २०००:१ कॉन्ट्रास्टचा प्रकारही आला आहे. डेलच्या अल्ट्राशार्प मालिकेत तो २०२२ पासून मिळतो.

ओलेडबद्दल हल्ली फार विचारतात. रंग अप्रतिम, पण बऱ्याच ओलेड पडद्यांत लाल-हिरव्या-निळ्या उपठिपक्यांची मांडणी नेहमीच्या उभ्या पट्ट्यांसारखी नसते. विंडोजचं अक्षर-गुळगुळीतीकरण त्या पट्ट्या गृहीत धरून चालतं. त्यामुळे काळ्या अक्षराच्या कडेला हिरवी-जांभळी झाक येते. शिरोरेषेसारख्या लांब आडव्या रेषेवर ती पटकन डोळ्यांत भरते. दिवसभर वाचनच असेल तर सध्या तरी ओलेड नको.

चकचकीत पडदा की मॅट?

आपल्या घरांत मॅट. माझ्या डोंबिवलीच्या घरात टेबलासमोर पश्चिमेची खिडकी होती. चार वाजले की तिरीप थेट डोळ्यांवर यायची आणि पडदा काळवंडलेला वाटायचा. टेबल फिरवून पाठ खिडकीकडे केली, तर खिडकीच पडद्यात दिसू लागली. शेवटी टेबल काटकोनात लावलं, खिडकी डाव्या हाताला. निम्मा त्रास त्या दिवशी गेला, आणि खर्च शून्य.

काही मॅट पडद्यांचा लेप इतका जाडाभरडा असतो की पांढऱ्या पानावर बारीक रवा पसरल्यासारखी चमचम दिसते. दुकानात कोरं पांढरं पान उघडून बघा, लगेच कळतं.

ब्राइटनेस किती ठेवावा?

आकडा लक्षात ठेवायची गरज नाही. मॉनिटरच्या शेजारी खोलीच्या उजेडात एक कोरा पांढरा कागद धरा. पडद्यावरचं पांढरं पान कागदापेक्षा दिव्यासारखं उजळ दिसत असेल तर कमी करा, करडं दिसत असेल तर वाढवा. दोन्ही सारखे दिसले की थांबा. बहुतेक घरांत हे १००-१२० निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आसपास येतं. कारखान्यातून येणारा मॉनिटर २५० ते ३५० निट्सपर्यंत जाऊ शकतो आणि बहुधा वरच्याच टोकाला लावलेला असतो. खोक्यातून काढून तसाच वापरणाऱ्या माणसासमोर दिवसभर छोटी ट्यूबलाइट जळत असते.

सकाळी आणि रात्री वेगळा ब्राइटनेस लागतो. बेनक्यू आणि आयझोच्या काही मॉनिटरांत उजेड मोजून आपोआप बदल करणारा सेन्सर असतो, मला तो खरोखर उपयोगी वाटतो. सेन्सर नसेल तर निदान ब्राइटनेसचं बटण सहज हाताला लागेल असा मॉनिटर घ्या. पाच पायऱ्यांच्या मेन्यूत लपलेलं सेटिंग कोणी रोज बदलत नाही.

रात्री खोलीत पूर्ण अंधार करून काम करू नका. मॉनिटरच्या मागे भिंतीवर पडेल असा मंद दिवा ठेवा.

डार्क मोड चांगला ना?

वाचायला बहुतेकांना नाही. उजळ पानावर बाहुली आकुंचते आणि अक्षर जास्त रेखीव दिसतं. काळ्या पडद्यावर बाहुली मोठी होते आणि ज्यांना थोडासाही सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात. अंधारात डार्क मोडने झगमगाट कमी होतो हे खरं. ज्यांना तोच सोयीचा वाटतो त्यांनी वापरावा, पण लांबलचक मजकुरासाठी मी फिक्या पानावर गडद अक्षरंच ठेवते.

हर्ट्झ जास्त असावेत का?

इथे हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते. मागच्या दिव्यांची लुकलुक सोडली तर एलसीडीत ६० हर्ट्झवरही पडदा लुकलुकत नाही. जुन्या, काचेच्या नळीच्या सीआरटी मॉनिटरची गोष्ट वेगळी होती. मजकूर सरकवताना १०० किंवा १२० हर्ट्झवर ओळी कमी फाटतात आणि नजर सोपी चालते. आता १०० हर्ट्झचे मॉनिटर साध्या किमतीतही मिळतात, तेवढे पुरेत. त्यासाठी रिझोल्यूशनवर पाणी सोडू नका.

वक्र पडदा?

३४ इंची रुंद मॉनिटर असेल तर कडा जवळ येतात, ते बरं वाटतं. २४-२७ इंचांत काही फायदा नाही, आणि तक्त्यांच्या सरळ रेषा वाकड्या दिसतात.

कुठे, किती उंचीवर आणि किती लांब ठेवू?

हात सरळ केला की बोटं पडद्याला टेकावीत, हे २४ इंचीला. २७ इंचीला थोडं आणखी मागे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. नजर थोडी खाली असली की पापणी डोळा अधिक झाकते आणि तो कमी सुकतो. उंच लावलेल्या पडद्याकडे डोळे फाडून पाहावं लागतं.

उंची बदलणारा स्टँड असलेलाच मॉनिटर घ्या, त्यासाठी हजार-दोन हजार जादा गेले तरी चालतील. तसा नसेल तर मागे वेसा छिद्रं (स्क्रूने मॉनिटर बसवायची ठरलेल्या मापाची छिद्रं) आहेत ना ते बघा, म्हणजे पुढे मॉनिटर पेलणारा आर्म बसवता येतो. मध्यम बांध्याच्या मॉनिटरांना ती १०० गुणिले १०० मिलिमीटरची असतात. माझा पहिला मॉनिटर दोन वर्षं जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर उभा होता, आणि उंची अगदी बरोबर होती.

पंख्याचा झोत तोंडावर येत असेल तर तो आधी बंद करा. एसीचाही. कोरडे डोळे घेऊन माझ्याकडे आलेल्या दोघांचा प्रश्न टेबल-फॅन वळवून सुटला. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहायचा नियम कॅलिफोर्नियाच्या जेफ अँशेल या नेत्रतपासनिसाने रूढ केला. मी तो पाळते. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी हे माझं वीस फुटांपलीकडचं ठिकाण आहे.

चाळिशी लागली आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून मॉनिटर नीट दिसत नाही. मोठा मॉनिटर घेऊ का?

आधी चष्मा. पुस्तक आपण ४० सेंटिमीटरवर धरतो, तिथे डोळ्याला २.५ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) जोर लागतो. मॉनिटर असतो ६५ सेंटिमीटरवर, तिथे साधारण १.५. वाचायच्या चष्म्यातून मॉनिटर धूसर दिसतो तो यामुळेच. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेल्या चष्म्यात, मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते आणि ती शोधायला माणूस हनुवटी वर करून बसतो. दोन महिन्यांत मान धरते.

फक्त कामासाठी मॉनिटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना टेबलापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून तो आकडा लिहून न्या. प्रोग्रेसिव्हच वापरायचा असेल तर मॉनिटर नेहमीपेक्षा खाली आणा आणि थोडा मागे कलता ठेवा. माझी डोकेदुखी मॉनिटर बदलूनही पूर्ण गेली नव्हती. तपासणीत उजव्या डोळ्याला अर्धा सिलिंड्रिकल नंबर निघाला. चष्मा आला आणि आठवड्यात फरक कळला.

घरचा टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरला तर?

कधीमधी ठीक. रोजच्या वाचनाला नको. ४० इंची फोर-के टीव्हीचे ठिपके इंचाला ११० भरतात, म्हणजे वाईट नाहीत, पण इतका मोठा पडदा टेबलावर ठेवला की मान सतत फिरते. शिवाय टीव्ही अक्षरांना कृत्रिम धार लावतात. वापरणारच असाल तर ‘पीसी’ किंवा ‘गेम’ मोड लावा आणि शार्पनेस खाली आणा.

ई-इंक मॉनिटर?

डासुंग आणि ऑनिक्स बूक्स यांचे २५.३ इंची ई-इंक मॉनिटर आहेत. अक्षर कागदासारखं, मागून उजेड नाही. पण किंमत चांगल्या दोन-तीन फोर-के मॉनिटरांइतकी, चित्र हळू बदलतं आणि मागच्या पानाची पुसट छाया राहते. ज्यांना साध्या पडद्याचा तीव्र त्रास आहे त्यांनीच विचार करावा.

बजेट दहा-बारा हजार आहे. काय घेऊ?

२४ इंची फुल एचडी, आयपीएस, फ्लिकर-फ्री, मॅट, १०० हर्ट्झ. या किमतीत सगळं बसतं. उंची बदलणारा स्टँड बहुधा बसणार नाही, तिथे दिवाळी अंक आहेतच. पंधरा ते पंचवीस हजारांत २७ इंची क्यूएचडी येतो, आणि कामाचा माणूस असाल तर एवढं ताणावं, असं माझं मत. त्यापुढे फोर-के.

दुकानात गेल्यावर काय तपासू?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा तुमच्या गावातल्या दुकानात जाताना पेनड्राइव्हवर रोजच्या कामातली एक मराठी पीडीएफ न्या, अकरा पॉइंटमधली. दुकानदार तुम्हाला समुद्र आणि पोपट दाखवेल. त्याला तुमची पीडीएफ शंभर टक्क्यांवर उघडायला सांगा आणि हातभर अंतरावरून पाच मिनिटं सलग वाचा. जोडाक्षरं आणि अनुस्वार बघा. ब्राइटनेस पंचवीसवर आणून कॅमेऱ्याची परीक्षा घ्या. कोरं पांढरं आणि कोरं काळं पान उघडून मृत ठिपके शोधा. किती मृत ठिपके असल्यावर बदलून मिळतं, ते बिल करण्याआधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर परतीचे दिवस संपायच्या आत हेच सगळं घरी करा.

घरी आणल्यावर काय बदलू?

डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. नाहीतर पान बदललं की उजेड वरखाली होतो. एचडीआर कामाच्या वेळी बंद. शार्पनेस वाढवू नका, अक्षरांभोवती पांढरी कड येते. कलर टेंपरेचर ६५०० केल्विन किंवा ‘वॉर्म’. विंडोजवर क्लिअरटाइपचं (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारं) साधन उघडून त्यातले नमुने शांतपणे निवडा, आणि ते मॉनिटरसमोर नेहमीच्या जागी बसून करा. दोन मॉनिटर असतील तर दोघांचा ब्राइटनेस आणि पांढरेपणा जुळवा. एक निळसर आणि एक पिवळट असला की दर वेळी नजर वळवताना डोळ्यांना पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

पहिले तीन-चार दिवस नवा पडदा परका वाटेल, तेवढी सवड द्या. दोन आठवड्यांनंतरही जुन्यापेक्षा जास्त त्रास होत असेल तर तो मॉनिटर तुमच्यासाठी नाही.

डॉक्टरांकडे कधी जावं?

एका डोळ्यात दुखत असेल, अचानक विजेसारखे चमकारे किंवा काळे ठिपके दिसू लागले, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, नजरेचा एखादा भाग पडदा ओढल्यासारखा झाला, तर त्याच दिवशी. डोळे रोज लाल आणि कोरडे राहत असतील तर त्या आठवड्यात. औषधाच्या दुकानातून कुठलेही थेंब स्वतःच्या मनाने आणून घालू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं आणि ते देखरेखीशिवाय वापरलं तर काचबिंदू होऊ शकतो.